डोंबिवली ते मस्जिद, रोज लॅपटॉप घेऊन: छोट्या लॅपटॉपच्या निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या ताई डोंबिवलीला राहतात. वय ४६. छोट्या व्यापाऱ्यांचे आणि गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिणं, जीएसटीची रिटर्न भरणं हा त्यांचा व्यवसाय. आठवड्यातले चार-पाच दिवस त्या लोकलने निघतात. मस्जिद बंदरच्या दोन पेढ्या, भुलेश्वरातलं एक कापडाचं दुकान, दादरचा एक छापखाना आणि परतताना घाटकोपरची एखादी सोसायटी असा त्यांचा फेरा असतो. मी दादर-परळ भागातल्या लहान कार्यालयांचे संगणक सांभाळतो. छापखान्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे ताईंशी ओळख झाली. नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत, बाकी घडलं तसं मांडतो.

ताईंकडे २०१७ साली घेतलेला १५.६ इंची लॅपटॉप होता. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. कामाला तो अजून पुरत होता. पण विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती, आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. ग्राहकांचे पासवर्ड, बँकेचे उतारे आणि डिजिटल सह्या ज्या यंत्रावर चालतात, ते सुरक्षा अपडेटशिवाय वापरणं ताईंना मान्य नव्हतं. मलाही नव्हतं.

दुसरं कारण होतं उजवा खांदा. डॉक्टरांनी ओझं कमी करायला सांगितलं होतं. २०२५ च्या मे महिन्यात ताई छापखान्यात भेटल्या तेव्हा त्यांची मागणी एका ओळीची होती. "दादा, एक किलोच्या आतला छोटासा बघून द्या. स्क्रीन लहान असली तरी चालेल." बजेट पंचावन्न हजार, जीएसटी धरून. ताईंची स्वतःची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे लॅपटॉपवरचा १८ टक्के कर परत मिळण्याचा प्रश्न नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

छोटा लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की आधी वजनाचा आकडा बघितला जातो. ताईंना मी आधी स्वतःची बॅग मोजायला सांगितली. त्यांनी सामान हुकला अडकवून मोजायचा काटा आणला आणि एकेक वस्तू मोजून आकडे पाठवले. लॅपटॉप २.२ किलो. चार्जर वायरसकट ४५० ग्रॅम. माउस आणि टोकनचं (डिजिटल सही साठवलेलं, पेनड्राइव्हसारखं उपकरण) पाकीट २५० ग्रॅम. कागदांची फाइल ६०० ग्रॅम, डबा ७०० ग्रॅम, पाण्याची भरलेली बाटली १ किलो १०० ग्रॅम, छत्री ३५० ग्रॅम आणि रिकामी बॅग ९०० ग्रॅम. एकूण साडेसहा किलोच्या वर.

म्हणजे लॅपटॉप हा ओझ्याचा तिसरा हिस्सा होता. एक किलोचा लॅपटॉप घेतला तर १ किलो २०० ग्रॅम वाचणार, १.४ किलोचा घेतला तर ८०० ग्रॅम. या दोहोंतला ४०० ग्रॅमचा फरक चार्जर, बॅग आणि बाटली बदलूनही भरून निघण्यासारखा होता. हे आकडे समोर आल्यावर ताईंनी 'एक किलोच्या आत' ही अट स्वतःच सैल केली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय तोच, आणि तो एकही लॅपटॉप न बघता झाला.

मग कामाची यादी केली. टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. एक्सेल, त्यातही दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बीच्या (खरेदीवरच्या किती कराची वजावट मिळेल ते दाखवणाऱ्या विवरणाच्या) लांबलचक शीट. जीएसटी आणि आयकर पोर्टल. दोन ग्राहक प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या, त्यांच्या डिजिटल सहीची यूएसबी टोकन. सोसायट्यांची इतिवृत्तं आणि नोटिसा मराठीत, त्यातल्या जुन्या फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या, म्हणजे तोच फॉन्ट संगणकावर नसेल तर वाचता न येणाऱ्या. पेढ्यांवरचे जुने प्रिंटर.

काम होतं कुठे, हाही प्रश्न विचारला. गाडीत बसायला मिळालं तरी ताई लॅपटॉप उघडत नाहीत. दादर आणि घाटकोपरला टेबल-खुर्ची असते. पण मस्जिदच्या एका पेढीवर अजून गादी-तक्क्याची बैठक आहे, तिथे लॅपटॉप मांडीवर किंवा बुटक्या उतरत्या डेस्कवर घ्यावा लागतो. भुलेश्वरच्या दुकानात प्लगचा एकमेव पॉइंट गल्ल्याच्या मागे, तोही पंख्याने अडवलेला. आणि एकूण कामातलं निम्म्याहून जास्त काम रात्री डोंबिवलीला घरच्या टेबलावर होतं.

हे शेवटचं ऐकून मला दिशा मिळाली. घरी मोठा मॉनिटर आणि पूर्ण कीबोर्ड जोडता आला, तर नवा लॅपटॉप लहान असल्याचा त्रास फक्त बाहेरच्या कामापुरता उरणार होता.

कोणते पर्याय पाहिले

क्रोमबुक आणि अँड्रॉइड टॅब्लेट पहिल्याच बैठकीत बाद झाले. त्यांवर टॅली थेट बसत नाही आणि टोकनचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) चालत नाहीत. वजनाला आणि बॅटरीला ही यंत्रं उत्तम आहेत, पण ताईंच्या कामाची नाहीत.

स्टँड मागे उघडून कव्हरवर टाइप करायचे १० इंची विंडोज टॅब्लेट ताईंना दिसायला फार आवडले होते. या प्रकारातल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या सरफेस गोचं वजन कव्हर सोडून ५२२ ग्रॅम आहे, कव्हर लावल्यावर पाऊण किलोच्या पुढे जातं. कागदावर हाच विजेता. पण मागचा स्टँड टेकायला सपाट, खोल जागा लागते आणि गादीवर मांडीत तो ठरत नाही. कीबोर्डही आखूड.

मग ११.६ इंची स्वस्त विंडोज लॅपटॉप. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी साठवण. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आणि ६४ जीबी हीच आहे, त्यामुळे ही यंत्रं अटीत बसतात, पण जेमतेम. विंडोजची मोठी अपडेट यायची झाली की जागा अपुरी पडते. रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) असल्यामुळे पुढे वाढवायची सोय नाही. २००७ साली असुसचा ७ इंची ईईई पीसी आला, त्यानंतर १० इंची नेटबुकची लाट आली. १०२४ बाय ६०० च्या त्या स्क्रीनवर ताईंच्या यजमानांनी काही वर्षं काढली होती. ते आठवूनच त्यांनी घरातून या पर्यायाला विरोध केला, आणि तो रास्त होता.

मॅकबुक एअरबद्दल ताईंच्या भाच्याने आग्रह धरला होता. अ‍ॅपलच्या एम-वन चिपचा एअर १.२९ किलोचा, पंखा नाही म्हणून आवाज नाही, बॅटरी दिवसभर पुरते. यंत्र म्हणून ते मलाही फार आवडतं. पण टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, आणि यूएसबी-सीची दोनच पोर्ट. स्नॅपड्रॅगन एक्स चिपवर चालणारे विंडोज लॅपटॉप २०२४ च्या मध्यापासून बाजारात आहेत, त्यांचीही बॅटरी भरपूर टिकते. तिथे अडचण वेगळी. नेहमीची सॉफ्टवेअर अनुवादाच्या थरातून चालतात, पण ड्रायव्हर खास त्या चिपसाठी लिहिलेलेच लागतात. डिजिटल सहीचं टोकन आणि पेढीवरचा जुना प्रिंटर, दोघांचंही काम ड्रायव्हरवर अवलंबून. तेवढ्यासाठी हा पर्याय सोडला.

खरी चुरस उरली दोन पर्यायांत. एक, कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे १२.५ आणि १३.३ इंची व्यावसायिक लॅपटॉप. दोन, नवा १४ इंची, १.४ किलोच्या आसपासचा.

व्यावसायिक मालिकेतली जुनी यंत्रं मला मनापासून आवडतात. झाकण मजबूत, कीबोर्ड खोल, लॅनचं पोर्ट शाबूत, आणि ताईंच्या बजेटच्या अर्ध्यात मिळतात. थिंकपॅड एक्स २७० ला तर आत एक आणि बाहेरून काढता येणारी दुसरी अशा दोन बॅटऱ्या असतात. पण त्याचे प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचे, म्हणजे विंडोज ११ चा तोच जुना प्रश्न. त्याच्यानंतरच्या एक्स २८० मध्ये आठवी पिढी मिळते, पण रॅम सोल्डर केलेली, त्यामुळे ८ जीबीचा घेतला तर जन्मभर ८ जीबी. शिवाय १२.५ इंचांत कित्येकांची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची.

निर्णयाचे टप्पे

एखादी गोष्ट नंतर बदलता येईल का, या एकाच प्रश्नाने मी वैशिष्ट्यांची वाटणी करतो. एसएसडी बहुतेक ठिकाणी बदलता येते. बॅटरी खर्च करून बदलता येते. रॅम काही यंत्रांत वाढवता येते, काहींत नाही. स्क्रीनचा आकार, कीबोर्डची मांडणी, पोर्टची संख्या आणि शरीराची मजबुती मात्र घेतली तशीच राहते. दुकानदार बोलतो प्रोसेसरबद्दल आणि एसएसडीच्या आकड्याबद्दल. बघायचं मात्र जे बदलणार नाही त्याच्याकडे, म्हणून आम्ही लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात गेलो ते आकडे विचारायला नव्हे, बोटं चालवायला.

कीबोर्डवर सगळ्यात जास्त वेळ गेला. १४ इंच आणि त्याखालच्या लॅपटॉपना उजवीकडचे आकडे सहसा नसतात. हिशेबाच्या माणसासाठी ही मोठी उणीव आहे. ताई एका हाताने बिलं उलटतात आणि दुसऱ्या हाताने न बघता रक्कम मारतात. वरच्या ओळीतले आकडे वापरायचे म्हटलं की नजर खाली जाते, लय तुटते. दुसरी खोच वरच्या एफ-कळांची. टॅलीत एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी. आजच्या लॅपटॉपमध्ये त्याच कळा आवाज आणि उजेड कमी-जास्त करतात. दुकानात ताईंनी जर्नलसाठी कळ दाबली आणि स्क्रीन उजळली. एफएन कळ लॉक करून एफ-कळा मूळ कामाला लावल्यावर ते सुटलं, पण प्रत्येक मॉडेलमध्ये तशी सोय आहे का हे तिथल्या तिथे बघावं लागलं. पेज-अप, पेज-डाउनचं तसंच. एक्सेलमध्ये शीट बदलायला कंट्रोलबरोबर पेज-डाउन लागतं. एका देखण्या १३.३ इंची मॉडेलमध्ये ते बाणाच्या कळेत दडलेलं होतं, म्हणजे तीन बोटांची कसरत. ताईंनी ते मॉडेल तिथेच बाजूला ठेवलं.

स्क्रीनचा निर्णय चाळिशीने केला. १३.३ इंचांवर १९२० बाय १०८० म्हणजे इंचाला सुमारे १६६ ठिपके. अक्षरं कोरीव, पण मूळ मापात बारीक. विंडोजमध्ये मोठेपणा १५० टक्के केला तर वाचता येतं, पण तेव्हा स्क्रीनवर मावणारा मजकूर १२८० बाय ७२० इतकाच उरतो. छोटी स्क्रीन घेऊन अक्षर मोठं करावं लागलं तर जागा दोन्हीकडून जाते. १४ इंची, १६:१० प्रमाणाच्या १९२० बाय १२०० स्क्रीनवर ताईंना १२५ टक्के पुरे झाले. तेव्हा मिळणारी जागा १५३६ बाय ९६०. त्याच रुंदीच्या १६:९ स्क्रीनवर उंची ८६४ असते. ९६ चा हा फरक म्हणजे एक्सेलच्या साधारण पावणेपाच ओळी. २बीची शीट वरखाली करणाऱ्या माणसाला रोज दिसणारा फरक आहे हा. चकचकीत काचेची स्क्रीन नको हे ताईंनीच सांगितलं, कारण पेढीवर ट्यूबलाइट नेमकी डोक्यामागे आहे.

रॅमबद्दल अंदाज बांधायची गरज नव्हती. २० तारखेला, जीएसटीआर-३बी या मासिक रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, सगळं उघडं असताना जुन्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती व्यापली ते बघून ठेवा असं सांगितलं होतं. ८ पैकी ७.४ जीबी व्यापलेली. नव्यात १६ जीबी हवीच, हे तिथेच ठरलं. १४ इंची मॉडेलमध्ये ८ जीबी बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा होता. स्लॉटमध्ये ८ जीबीची पट्टी दुकानातच टाकून घेतली.

बॅटरीवर पेटीवरचे तास वाचू नयेत. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत लिहिलेली असते, तिला कामाच्या सरासरी वॉटनी भागायचं. टॅली, ब्राउझर आणि मध्यम उजेडाला ७ वॉट धरले तर ४२ वॉट-तासांची बॅटरी सहा तास देईल, ५६ ची आठ. सडपातळ दिसण्यासाठी पहिला बळी बॅटरीचा जातो, म्हणून दोन मॉडेल शेजारी ठेवून हा आकडा बघितला. ताईंना भुलेश्वरात तीन-चार तास प्लगशिवाय काढायचे होते. ५० च्या पुढची कोणतीही चालणार होती.

पोर्टबाबत किमान अट ठरली ती दोन यूएसबी-ए (नेहमीची चपटी, मोठी), एक एचडीएमआय आणि यूएसबी-सीवरून चार्जिंग अशी. टोकन आणि प्रिंटर एकाच वेळी लागतात. हब लावून काम भागतं, पण हब ही विसरायची आणखी एक वस्तू. यूएसबी-सी चार्जिंगमुळे ६५ वॉटचा एक छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा) चार्जर लॅपटॉपला आणि फोनला दोन्हींना चालतो. एक खबरदारी सांगतो. फोनबरोबर आलेला जलद चार्जर लॅपटॉपला चालेलच असं नाही. त्यावर पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेलं असावं आणि २० व्होल्टचा आकडा दिसावा.

राहिली मजबुती. सकाळी फास्ट गाडीच्या बायकांच्या डब्यात बॅग पुढे, छातीशी धरलेली असते आणि मागून रेटा येतो. पातळ झाकणाच्या लॅपटॉपला त्या दाबाने कळांचे वळ स्क्रीनवर उमटतात, कधी पॅनेलला तडा जातो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सडपातळ लॅपटॉपमध्ये हे मी नेहमी बघतो. लष्करी मानकाचा शिक्का असला तरी मानकातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी ठरवते, त्यामुळे शिक्क्यावरून झाकणाची ताकद कळत नाही. झाकणाच्या मधोमध हलक्या हाताने दाबून बघायचं, स्क्रीनवर लाटा उठल्या तर सोडून द्यायचं. ९०० ग्रॅम ते १ किलोच्या आतले आम्ही बघितलेले दोन्ही लॅपटॉप बजेटच्या कितीतरी बाहेर होते, आणि त्यांतल्या एकाचं झाकण वाकत होतं.

जुना व्यावसायिक की नवा, हा शेवटचा फाटा ताईंनी सोडवला. मी १३.३ इंची, आठव्या पिढीच्या एका जुन्या यंत्राकडे झुकलो होतो, कारण कीबोर्ड आणि झाकण दोन्ही नव्यापेक्षा सरस होते. ताई म्हणाल्या, "२० तारखेला बिघडला तर कोण धावून येणार? मला हमी हवी." एकट्याने धंदा करणाऱ्याला हमी म्हणजे काम न थांबण्याची तरतूद आहे. त्यांच्या जागी हा विचार बरोबरच होता.

काय केलं

१४ इंची, १.४ किलोचा नवा लॅपटॉप घेतला. यू-वर्गाचा (कमी वीज खाणारा) आय-फाइव्ह, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, ५४ वॉट-तासांची बॅटरी. बजेटमध्ये थोडे पैसे उरले, त्यातून गॅन चार्जर आणि आकड्यांचा सुटा यूएसबी कीपॅड घेतला. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे भरून लगेच घेतलं, कारण ते खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच मिळतं आणि पडणं, चेपणं नेहमीच्या हमीत येत नाही.

घरी भाच्याकडे पडून असलेला २४ इंची मॉनिटर एचडीएमआयने जोडला, त्याला पूर्ण आकाराचा कीबोर्ड आणि माउस.

यंत्र बदलायची तारीख ताईंनी विचारपूर्वक ठरवली. टॅलीचं लायसन्स जुन्या संगणकावर सरेंडर करून नव्यावर चालू करावं लागतं. ते २० च्या आधी करायचं नाही, असं त्यांनी बजावलं. तिमाही रिटर्नवाल्या ग्राहकांची भरणा करायची तारीख २५, म्हणून २६ तारीख धरली. नेमका त्याच दिवशी, २६ मेला, पाऊस मुंबईत दाखल झाला, नेहमीपेक्षा कितीतरी आधी. मी मागाहून घेऊ म्हटलेलं जलरोधक कव्हर त्याच दुपारी आणावं लागलं.

टोकनचे ड्रायव्हर, सहीसाठीचं एमसाइनर, जुने मराठी फॉन्ट आणि पेढ्यांचे प्रिंटर बसवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. नव्या मजकुरासाठी इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू केला. जुन्या फाइल उघडण्यापुरते जुने फॉन्ट ठेवले.

परिणाम

बॅगेचं वजन साडेसहा किलोवरून पावणेपाच किलोच्या आत आलं. लॅपटॉपने ८०० ग्रॅम वाचवले, चार्जरने पावणेतीनशे, हलक्या बॅगने तीनशे आणि लहान बाटलीने पाचशे. बाटली पेढीवर भरून घेता येते. खांदा पूर्ण बरा झाला असं म्हणता येणार नाही, पण जिन्यावर बॅग या हातातून त्या हातात घेणं थांबलं, असं ताई सांगतात.

सप्टेंबर हा कसोटीचा महिना होता. संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात, त्यामुळे ताळेबंद, नोटिसा, इतिवृत्तं सगळं एकदम येतं. त्या महिन्यात रॅम कधी कमी पडली नाही. बॅटरीने भुलेश्वरात पाच तासांच्या आसपास साथ दिली. माझ्या हिशेबापेक्षा कमी, कारण दुकानात स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवावा लागतो.

दोन अडचणी निघाल्या. सुटा कीपॅड ताई नेमाने बरोबर नेत नव्हत्या. शेवटी तो मस्जिदच्या मोठ्या पेढीवरच ठेवला, कारण सगळ्यात जास्त व्हाउचर तिथेच. इतर ठिकाणी वरच्या ओळीवर काम चालतं आणि ते हळू होतं, हे ताई स्पष्ट सांगतात. मोठा लॅपटॉप सोडल्याची ही किंमत त्यांनी समजून मोजली आहे.

दुसरी अडचण टोकनची. लॅपटॉप लहान, पोर्ट कडेला, आणि गादीवर मांडीत घेतला की बाहेर आलेलं टोकन गुडघ्याला लागतं. एकदा ते वाकून सही अर्ध्यात अडकली. टोकनचं काही बिघडलं नाही, पण तसं दोन-चार वेळा झालं असतं तर पोर्टच सैल झालं असतं. वीतभर यूएसबी एक्स्टेन्शन वायरने हा प्रश्न संपला. टोकन आता डेस्कवर आडवं पडून असतं.

वेगळं काय करता आलं असतं

दुकानात जाताना टोकन बरोबर नेलं होतं, पण ते चालतं का एवढंच बघितलं. मांडीवर लॅपटॉप घेऊन, टोकन लावून दोन मिनिटं बसून बघितलं असतं तर वायरची गरज तिथेच कळली असती. लॅपटॉप दुकानातल्या उंच काउंटरवर बघायचा आणि वापरायचा गादीवर, यात अंतर राहतं. जिथे काम होणार तशी बैठक दुकानात मागावी. चांगला दुकानदार स्टूल देतो.

उजेडाचंही तसंच. नव्याची स्क्रीन ३०० निटची होती (निट हे उजेडाचं माप), त्याच किमतीत ४०० निटचं दुसरं मॉडेल होतं, पण त्याला यूएसबी-ए एकच. पोर्टला झुकतं माप दिलं ते आजही योग्य वाटतं. मात्र भुलेश्वरचं दुकान रस्त्याच्या बाजूने पूर्ण उघडं आहे आणि दुपारी तिरीप आत येते, हे आधी कळलं असतं तर तुलना आणखी नीट झाली असती. ग्राहकाच्या जागेचा एक फोटो मागवणं पुरेसं होतं.

जुन्या व्यावसायिक लॅपटॉपचा पर्याय हमीवर सोडला. त्या किमतीत दोन यंत्रं आली असती, एक वापरायला आणि एक तयार राखीव. ज्याच्या घराजवळ विश्वासाचा दुरुस्तीवाला आहे आणि ज्याला लायसन्स हलवणं जमतं, त्याने हा मार्ग जरूर तपासावा. कीबोर्ड तरी नक्की चांगला मिळेल. रॅमचा स्लॉट आणि बॅटरीची स्थिती मात्र डोळ्यांनी बघून घ्यावी. बॅटरीसाठी विंडोजमध्ये पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट ही आज्ञा दिली की मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसते.

एक गोष्ट आम्ही चार महिने उशिरा केली. घरी मॉनिटरला जोडलेला असताना लॅपटॉप रात्रभर चार्जरवर राहतो, बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर. कंपनीच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवायची सोय होती, ती पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. आता ती लावली आहे. भुलेश्वरच्या दिवसासाठी ताई आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण भरून घेतात.